गोगलगायीचं निळं रक्त बनतं कुठं?

अक्कलकोटहून रोज सोलापूरला ये-जा करून बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: ‘सर, समुद्री गोगलगायींच्या रक्तात हिमोसायनिन असतं, त्यात तांबं असतं, म्हणून रक्त निळं दिसतं, एवढं पुस्तकात आहे. पण ते बनतं कुठं? आपल्यात अस्थिमज्जेत तांबड्या पेशी तयार होतात, तसं गोगलगायीत काय आहे? आणि बनल्यापासून रक्तात पोचेपर्यंत त्याचं काय काय होतं?’

तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला मोजून तीन-चार जणांनी विचारला असेल. परीक्षेत रंग विचारतात, धातू विचारतात, फार तर हिमोग्लोबिनशी तुलना विचारतात. ते बनतं कुठं, हे कुणी विचारत नाही, म्हणून कुणी वाचतही नाही. त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

छोटं उत्तर असं. ऑक्सिजन वाहून नेणारं हे प्रथिन, हिमोसायनिन, गोगलगायीच्या रक्तपेशी बनवत नाहीत. अस्थिमज्जेसारखा एखादा नेमून दिलेला अवयवही त्यासाठी नाही. ते बनवतात ऱ्होगोसाइट नावाच्या पेशी. या पेशी एका जागी गोळा झालेल्या नसतात. प्रावरणात (कवचाखालच्या मऊ आवरणात), पायात, आतड्याच्या आजूबाजूला, जिथं जिथं संयोजी ऊती आहेत तिथं त्या एकेकट्या किंवा चार-दोनच्या पुंजक्यानं विखुरलेल्या असतात. म्हणजे एक मोठी गिरणी नाही, घरोघरी माग आहेत. सोलापूरच्या माणसाला हे चित्र समजायला वेळ लागू नये.

आता मोठं उत्तर. आधी ‘समुद्री गोगलगाय’ म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आण, कारण समुद्र आपल्यापासून लांब असल्यानं मुलं या धड्याला बिचकतात. तुळजापूरला आराधी बायकांच्या गळ्यात कवड्यांची माळ तू पाहिली असशील. त्यातली एकेक कवडी म्हणजे एकेक समुद्री गोगलगाय होती. देवघरातला शंखही तसाच. त्या कवचात राहणाऱ्या जिवाच्या अंगातून जे रक्त फिरत होतं, त्याबद्दल आपण बोलतोय. कवड्यांची ती माळ लक्षात ठेव, पुढं मला लागणार आहे.

माझ्या नोकरीच्या काळात आम्ही हिवाळ्यात मुलांना कोकणच्या किनाऱ्यावर न्यायचो. ओहोटीला खडकांवर गोगलगायी सापडतात. एकीचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं की मुलं हिरमुसायची, कारण ते निळं नसायचं. गढूळ पाण्यासारखं, फार तर किंचित राखी. नळी दोन-चार वेळा हलवली, हवा आत मिसळली की हळूहळू फिकट निळी झाक चढायची. त्या क्षणी वर्गातलं सगळं शिकवणं एका बाजूला आणि ती नळी एका बाजूला. ऑक्सिजन बसला की निळं, उतरला की रंगहीन. त्यात सोडियम सल्फाइटचे कण टाकले, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन ओढून घेतला, की निळेपणा पुन्हा जायचा.

दुसरी गोष्ट आम्ही करायचो ती तुझ्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. तेच रक्त साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. तळाशी पांढरट पेशींचा बारीक थर बसतो आणि वरचं पाणी निळंच राहतं. आपल्या रक्ताचं नेमकं उलटं होतं. आपल्यात लाल रंग पेशींबरोबर तळाला जातो आणि वर पिवळसर द्रव उरतो. गोगलगायीत रंग पेशीत नाही, द्रवात विरघळलेला आहे. तळाशी बसलेल्या त्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, जखमा बुजवतात. ऑक्सिजनशी त्यांचा संबंध नाही. ‘निळ्या रक्तपेशी’ असं उत्तरपत्रिकेत दिसलं की मला फार वाईट वाटायचं, कारण एवढ्या एका प्रयोगानं तो गैरसमज कायमचा जातो.

प्रथिन उघड्यावर, द्रवात सोडलं की एक अडचण उभी राहते, आणि त्याचा आकार एवढा प्रचंड का हे तिथं समजतं. लहान लहान रेणू मोठ्या संख्येनं द्रवात सोडले तर ते पाणी ओढून घेतात, म्हणजे परासरणाचा दाब वाढतो. शिवाय मूत्र गाळताना ते गाळणीतून निसटून जातील. आपण हिमोग्लोबिन पेशीच्या पिशवीत भरून ही अडचण सोडवली. गोगलगायींनी पिशवी ठेवली नाही, रेणूच डोंगराएवढा केला. डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक. हिमोसायनिनचा एक पूर्ण रेणू साधारण ८० लाख डाल्टनचा. आपलं हिमोग्लोबिन साडेचौसष्ट हजारांचं. म्हणजे सव्वाशे पट. रेणूंची संख्या कमी राहते, दाब आटोक्यात राहतो आणि गाळणीतून तो जाऊ शकत नाही.

या प्रथिनाला हिमोसायनिन हे नाव बेल्जियमचे शरीरशास्त्रज्ञ लेओं फ्रेदेरिक यांनी १८७८ साली दिलं, ऑक्टोपसच्या रक्तावर काम करताना. पुढं १९२० च्या दशकात स्वीडनच्या थेओडोर स्वेडबर्ग यांनी आपल्या अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये रोमन गोगलगायीचं हिमोसायनिन फिरवलं. सगळे रेणू एकाच वेगानं, एक सरळ रेघ धरून खाली येताना दिसले. प्रथिन म्हणजे लहान कणांचा कमी-जास्त गोळा, असं मानणारे बरेच रसायनतज्ज्ञ त्या काळात होते. ते चूक ठरलं. ठरावीक वजनाचा, लाखो डाल्टनचा एकच एक रेणू असू शकतो हे दिसलं. स्वेडबर्ग यांना १९२६ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रथिनांच्या अभ्यासात गोगलगायीच्या रक्ताचा एवढा वाटा आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

आता माळ. हिमोसायनिनची एक अखंड साखळी म्हणजे सुमारे ३,४०० अमिनो आम्लांचा धागा. त्यावर आठ मणी आहेत. प्रत्येक मणी साधारण ५० हजार डाल्टनचा आणि स्वतंत्रपणे घडी घातलेला. त्यांना इंग्रजी अक्षरांनी ‘ए’ पासून ‘एच’ पर्यंत नावं दिली आहेत. आठ कवड्यांची एक माळ म्हण. प्रत्येक कवडीच्या पोटात तांब्याचे दोन अणू. प्रत्येक अणूला हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या तीन-तीन हातांनी धरलेलं. या दोन अणूंच्या मध्ये ऑक्सिजनचा एक रेणू आडवा बसतो.

अशा दहा माळा एकत्र येऊन एक पोकळ पिंप होतं. पिंपाची भिंत पहिल्या सहा प्रकारच्या मण्यांची, म्हणजे साठ मण्यांची. उरलेले वीस आतल्या बाजूला कड्यासारखे बसतात. बहुतेक गोगलगायींत अशी दोन पिंपं तोंडाला तोंड लावून जुळतात. रुंदी सुमारे ३५ नॅनोमीटर. वीस माळा, १६० मणी, १६० ऑक्सिजन, ३२० तांब्याचे अणू. तरीही वजनाच्या मानानं हिशेब केला तर हा व्यवहार महागच पडतो. एक ऑक्सिजन उचलायला हिमोग्लोबिनला १६ हजार डाल्टन खर्च येतो, हिमोसायनिनला ५० हजार. १०० मिलिलिटर माणसाच्या रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. गोगलगायीच्या तेवढ्याच रक्तात एक ते तीन.

आता ही माळ ओवली कशी जाते ते पाहू. ऱ्होगोसाइटच्या केंद्रकात हिमोसायनिनचं जनुक आहे. युरोपच्या किनाऱ्यावरच्या हॅलिओटिस ट्युबर्क्युलाटा या समुद्री गोगलगायीत अशी दोन जनुकं आहेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या मेगाथुरा क्रेन्युलाटा या कवचाला भोक असलेल्या मोठ्या गोगलगायीतही दोनच. जनुकाची रचना पाहिली तर एका मण्याचा मजकूर संपून दुसऱ्याचा सुरू होतो, त्या सांध्यावर एकेक इंट्रॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर नसलेला मधला तुकडा, आहे. कधीकाळी एकच मणी होता, त्याच्या प्रती निघत गेल्या आणि त्या एकामागं एक जोडल्या गेल्या, याची ही खूण आहे. हॅलिओटिस आणि ऑक्टोपसच्या जनुकांत हे सांधे जुळतात. त्यामुळं ही जोडणी दोघांचे पूर्वज वेगळे होण्याआधीची, फार जुनी आहे.

जनुकाची प्रत, म्हणजे संदेशवाहक आरएनए, दहा हजारांहून जास्त अक्षरांची होते. प्रथिन विणणारा रायबोसोम सेकंदाला पाच अमिनो आम्लं जोडतो असं धरलं तरी एक माळ पुरी व्हायला अकरा मिनिटं लागतील. आणि ती जुळलेल्या दोन पिंपांचा फक्त विसावा हिस्सा.

माळेच्या अगदी सुरुवातीला एक छोटा तुकडा असतो, संकेत-तुकडा म्हण. तो पत्त्याच्या चिठ्ठीसारखा आहे. ‘हे प्रथिन बाहेर पाठवायचं आहे’ एवढंच त्यावर लिहिलेलं. त्यामुळं माळ पेशीद्रवात न सुटता विणली जात असतानाच आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या, पोकळीत सरकते. आत गेली की चिठ्ठी कापून टाकली जाते. ऱ्होगोसाइट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ही जालिका पेशीभर फुगलेली, पसरलेली दिसते. निर्यातीचं काम करणाऱ्या पेशीची ती ओळख आहे.

पोकळीत प्रत्येक मण्याची घडी बसते. सिस्टीनच्या जोड्यांमध्ये गंधकाचे पूल बनतात. शिवाय एक वेगळीच गाठ पडते: तांब्याच्या एका अणूजवळचा एक हिस्टिडीन शेजारच्या सिस्टीनशी गंधकातून कायमचा बांधला जातो. ही गाठ जनुकात लिहिलेली नसते. साखळी बनल्यावर ती नंतर घातली जाते. संधिपाद प्राण्यांच्या, म्हणजे खेकडा-विंचवाच्या हिमोसायनिनमध्ये ती नाही. मृदुकाय प्राण्यांत, म्हणजे गोगलगायी-ऑक्टोपसांत, आहे आणि टायरोसिनेज या विकराच्या काही प्रकारांतही सापडते. मृदुकाय आणि संधिपाद या दोघांच्या प्रथिनांना नाव एकच असलं तरी ती एकाच घरातली नाहीत, हे उत्तरपत्रिकेत आवर्जून लिहावं.

याच वाटेवर प्रथिनाला साखरेच्या फांद्या लावल्या जातात. मेगाथुराच्या हिमोसायनिनमध्ये वजनाच्या सुमारे तीन-चार टक्के साखर असते. त्यातल्या फ्युकोज लावलेल्या काही फांद्या शिस्टोसोमा या चपट्या कृमीच्या अंगावरच्या साखरेशी जुळतात. म्हणून शिस्टोसोमाची लागण झालेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं या गोगलगायीच्या प्रथिनालाही चिकटतात. त्याचा निदानासाठी उपयोग झाला आहे.

जुळणी कुठं होते? माळा बाहेर रक्तात गेल्यावर तिथं पिंपं होत असतील असं वाटेल. तसं नाही. हॅलिओटिसच्या ऱ्होगोसाइटमध्ये जालिकेच्या पोकळ्यांतच तयार हिमोसायनिनचे रेणू दिसतात. म्हणजे पेशी सुटा माल बाहेर पाठवत नाही. रेणू जुळवूनच पाठवते. जुळलेली पिंपं टिकायला मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. ते समुद्री प्राण्याच्या रक्तात भरपूर असतं.

या पेशींचा संशय जुना आहे. तळ्यातल्या लिम्निया गोगलगायीत या ‘छिद्रपेशी’ हिमोसायनिन बनवत असाव्यात असं १९७० च्या दशकातच मांडलं गेलं होतं. पेशीत प्रथिन सापडलं म्हणजे ते तिथंच बनलं असं होत नाही, कारण ते गिळलेलंही असू शकतं. पुरावा हवा तो संदेशवाहक आरएनएचा. तो २००१ साली जर्मनीच्या माइन्त्स विद्यापीठातल्या युर्गेन मार्कल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून हॅलिओटिसमध्ये मिळाला. हिमोसायनिनच्या आरएनएला चिकटणारा शोधक ऊतीच्या कापावर टाकला, तर उजळल्या त्या ऱ्होगोसाइटच. ऑक्टोपस, माकूल यांच्यात मात्र वेगळं आहे. त्यांच्या कल्ल्यांजवळ ब्रँकियल ग्रंथी म्हणून एक नेमका अवयव आहे आणि तिथं हे काम चालतं. तू विचारलेलं ‘अस्थिमज्जेसारखं’ काही हवं असेल तर ते ऑक्टोपसमध्ये आहे, गोगलगायीत नाही.

आता मला ज्या गोष्टीचं सगळ्यात जास्त महत्त्व वाटतं तिथं येतो: तांबं. हिमोसायनिन बनवणं म्हणजे माझ्या मते निम्मं काम तांबं सांभाळण्याचं आहे, आणि पाठ्यपुस्तकात हा भागच नसतो.

तुझ्या घरी आजीनं सांगितलं असेल, ताक पितळेच्या भांड्यात ठेवू नये, कळकतं. म्हणून भांड्यांना कल्हई लावायची. मोकळं तांबं जिवाला घातक. गोगलगायीला तर फारच. मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, पाण्यात अगदी थोडं गेलं तरी पाण्यातल्या गोगलगायी मरतात. रोगवाहक गोगलगायी मारण्यासाठी ते अनेक वर्षं वापरलं गेलं. सांगोला-पंढरपूरकडच्या डाळिंबाच्या बागांत तेल्या रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. त्या बागेचं पाणी ओढ्यात उतरलं तर ओढ्यातल्या गोगलगायींचं काय होत असेल याचा विचार कर. ज्या धातूशिवाय या जिवाला श्वास घेता येत नाही, तोच धातू मोकळा मिळाला तर जीव घेतो.

हिशेब तसा लहान दिसतो. १०० ग्रॅम हिमोसायनिनमध्ये पाव ग्रॅम तांबं. पण समुद्राच्या पाण्यात तांबं अत्यल्प असतं. ते खाण्यातून आणि पाण्यातून गोळा करायचं, ज्या पेशीला हवं तिथंपर्यंत न्यायचं आणि वाटेत कुठंही मोकळं सुटू द्यायचं नाही. या पहाऱ्यासाठी पेशीत मेटॅलोथायोनिन नावाची छोटी, सिस्टीननं भरलेली प्रथिनं असतात. ती धातूला गंधकाच्या मिठीत धरून ठेवतात. ऑस्ट्रियातल्या राइनहार्ड डालिंगर यांच्या गटानं रोमन गोगलगायीत दाखवलं की तिच्याकडं यांचे दोन वेगळे प्रकार आहेत. एक पचनग्रंथीत असतो आणि कॅडमियम धरतो, म्हणजे विष बाजूला काढतो. दुसरा फक्त तांबं धरतो, आणि तो सापडतो ऱ्होगोसाइटमध्ये. दोन्हींत सिस्टीनच्या जागा सारख्याच, तरी एक प्रकार एका धातूला निवडतो आणि दुसरा दुसऱ्याला. ही गोगलगाय जमिनीवरची आहे, समुद्रातली नाही, हे लक्षात ठेवून वाच. पण तांब्याचा साठा नेमका हिमोसायनिन बनवणाऱ्या पेशीतच असावा, यात मोठा अर्थ आहे. ताकाच्या भांड्याला कल्हई लागते तसंच हे आवरण आहे, फक्त इथं ते तांब्याच्या एकेका अणूला आहे.

रंगाबद्दल एक दुरुस्ती इथंच करतो. मोरचूद निळं आणि हे रक्तही निळं, म्हणून दोन्हींचं कारण एकच, असं काही जण लिहितात. ऑक्सिजन नसताना हिमोसायनिनमधलं तांबं एकधनी असतं आणि त्याला रंग नसतो. ऑक्सिजन बसताना दोन्ही तांबी प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देतात. ती द्विधनी होतात आणि ऑक्सिजन पेरॉक्साइडच्या रूपात मध्ये अडकतो. निळा रंग उमटतो तो मुख्यतः या पेरॉक्साइडकडून तांब्याकडं होणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ओढीमुळं. मोरचुदात पेरॉक्साइड नसतो. म्हणून प्रयोगशाळेत आम्ही डोळ्यांनी निळेपणा मोजत नाही. ३४५ नॅनोमीटरच्या आसपास, अतिनील भागात, शोषण मोजतो. ऑक्सिजन बसलेल्या हिमोसायनिनचा खरा ठसा तिथं आहे.

आता माल बाहेर कसा पडतो ते बघू. ऱ्होगोसाइटचं सगळ्यात वेगळं अंग म्हणजे तिच्या कडेची जाळी. पेशीचं आवरण जागोजागी आत वळलेलं असतं. त्या खळग्यांवर पेशीद्रवाच्या बारीक पट्ट्या खिडकीच्या गजांसारख्या आडव्या असतात. गजांमधली फट साधारण २० नॅनोमीटर, आणि फटीवरही एक पडदा, त्याला २० बाय २० नॅनोमीटरची भोकं. आपल्या वृक्कातल्या (मूत्रपिंडातल्या) पोडोसाइट पेशींची गाळणी जवळपास अशीच असते. गोगलगायीच्या ऱ्होगोसाइटमध्ये आपल्या वृक्काच्या गाळणीतलं नेफ्रिन हे प्रथिनही सापडलं आहे. वृक्काची गाळणी आणि रक्तप्रथिनाचा कारखाना यांच्यात नातं असेल, असं मला शिकताना कधी वाटलं नव्हतं.

इथं एक गाठ आहे आणि तू ती स्वतःच पकडशील. भोक २० नॅनोमीटरचं, पिंप ३५ चं. सरळ जाणार कसं? संशोधकांमध्ये यावर अजून चर्चा चालू आहे. जाळी आतला माल बाहेर सोडायला आहे, की बाहेरचं गाळून आत घ्यायला, की दोन्हीला, असा तो प्रश्न आहे. आत घेण्याच्या बाजूनंही पुरावे आहेत. ऱ्होगोसाइट बाहेरची प्रथिनं गिळून त्यांचे तुकडे करतात आणि जड धातू साठवतात, असं मांडलं गेलं आहे. गोगलगायीला उपाशी ठेवलं किंवा पाण्यात कॅडमियम घातलं तर या पेशींचं रूप बदलतं, हे प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. एकच पेशी तांबं राखते, प्रथिन विणते, बाहेर देते आणि धातूंचा बंदोबस्तही करते, असं चित्र यातून उभं राहतं. म्हणून मी वर म्हटलं, तांबं सांभाळणं आणि रक्त बनवणं ही दोन वेगळी खाती नाहीत.

रक्तात पोचल्यावरची गोष्ट थोडक्यात. कल्ल्यांत ऑक्सिजन घ्यायचा, ऊतींत सोडायचा. आपल्यात रक्त आम्ल झालं की ऑक्सिजन लवकर सुटतो. काही समुद्री गोगलगायींत नेमकं उलटं, आम्लता वाढली की पकड घट्ट होते. खडकांमधल्या डबक्यात ओहोटीच्या वेळी ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तिथं घट्ट पकड उपयोगी पडते. आणखी एक, या निळ्या रक्ताच्या प्राण्यांच्या तोंडातले, खरवडणारी जीभ हलवणारे स्नायू अनेकदा गुलाबी-लाल असतात, कारण तिथं मायोग्लोबिन असतं. एकाच शरीरात रक्तात तांबं आणि स्नायूत लोह.

हा लाल स्नायू महत्त्वाचा आहे, कारण त्यातूनच एक विलक्षण गोष्ट घडली. बायोम्फॅलेरिया ही गोड्या पाण्यातली गोगलगाय चक्क लाल रक्ताची आहे. तिच्या कुळानं निळं रक्त जवळजवळ सोडून दिलं. मायोग्लोबिनसारख्या तेरा तुकड्यांची एक लांब साखळी करून त्यातून मोठं, द्रवात विरघळणारं हिमोग्लोबिन बनवलं. हिमोसायनिनची थोडी उरलीसुरली मात्रा अजून तिच्या रक्तात असते. आणि हे नवं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या पेशी कोणत्या? २०१४ साली सिद्ध झालं, त्याही ऱ्होगोसाइटच. माल बदलला, माग तोच राहिला. तुझ्या मूळ प्रश्नाला यापेक्षा भक्कम पुरावा मला माहीत नाही.

प्रयोगशाळेत हे रक्त हाताळायची वेळ आली तर चार गोष्टी सांगून ठेवतो, कारण इथं माझे सुरुवातीचे कित्येक नमुने वाया गेले. रक्त काढल्याबरोबर थंड ठेव आणि पेशी लगेच फिरवून बाजूला काढ. द्रावणात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवंच. ते ओढून घेणारं ईडीटीए पडलं आणि पीएच साडेनऊच्या वर गेला की पिंपं सुटून सुट्या माळा होतात. पुन्हा दोन्ही क्षार घालून पीएच खाली आणला तर त्या परत जुळतातही, पण ते मुद्दाम करायचं काम आहे, अपघातानं होऊ द्यायचं नाही. आणि नमुना साधा तसाच गोठवू नकोस. चार अंशांवर ठेव. गोठवल्यानं रेणू मोडतो. मेगाथुराचं हिमोसायनिन लसींच्या आणि प्रतिपिंडांच्या कामात जगभर वापरलं जातं, कारण आपल्या शरीराला ते अतिशय परकं वाटतं आणि प्रतिकार जोरात जागा होतो. पण एवढा मोठा, साखर लावलेला, तांबं भरलेला पूर्ण रेणू कृत्रिमरीत्या बनवून पुरवणं अजून जमलेलं नाही. तो जिवंत गोगलगायीच्या रक्तातूनच घ्यावा लागतो. ऱ्होगोसाइट काय करते याची किंमत तिथं कळते.

शेवटी, सोलापुरात बसून काय बघता येईल. समुद्री गोगलगायीसाठी थांबू नकोस. बाजारात मिळणारे शंख विकत घेऊन प्रयोगही करू नकोस. काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. हिप्परग्याच्या तलावाच्या कडेला, कालव्यांत, शेततळ्यांत तीन गोगलगायी शोध. एक पायला, गोल मोठी, हिमोसायनिनवाली. दुसरी मेलॅनॉइडिस, गाळात असते, बोटाच्या पेरापेक्षा लहान, निमुळती उभी. तिच्या रक्तात २०१० साली माइन्त्सच्याच बर्नहार्ड लीब यांच्या गटाला साडेतेरा दशलक्ष डाल्टनचं महाकाय हिमोसायनिन सापडलं: दोन साध्या पिंपांच्या मधोमध तिसरं, जास्त मण्यांच्या माळांचं. तिचं जवळचं गोत समुद्रात आहे, त्यामुळं तुझ्या विषयाला ती सगळ्यात जवळची. तिसरी इंडोप्लॅनॉर्बिस, चपटी, गुंडाळलेल्या पट्टीसारखी, बायोम्फॅलेरियाच्याच कुळातली, लाल रक्ताची.

विच्छेदनाची गरज नाही. या चपट्या कुळातल्या गोगलगायी डिवचल्या की कवचात खोल आखडतात आणि पुष्कळदा रक्ताचा एक थेंब सोडतात. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत थोडं पाणी घेऊन तिथं बघ, लाल रंग लगेच कळतो. हातात रबरी मोजे मात्र घाल आणि त्या तळ्याच्या पाण्यात उघडे हात-पाय घालू नकोस. इंडोप्लॅनॉर्बिसमधून गुरांच्या शिस्टोसोमाची पिल्लं पाण्यात सुटतात. ती माणसाच्या कातडीत शिरली तर दोन-चार दिवस भयंकर खाज सुटते.